परदेशी रोप, बंदरावरची चौकी आणि आपले शिवार

वाचकहो, गंगाखेडच्या आठवडी बाजारातून एक फेरी मारा आणि पिशवीत काय काय पडते ते नीट पाहा. मिरची, बटाटा, टोमॅटो, भुईमुगाच्या शेंगा, मक्याची कणसे. फळांत पेरू, पपई, सीताफळ. दसरा जवळ आला असेल तर झेंडूची ढिगानेच फुले. यांपैकी एकही मूळचे आपले नाही. हे सारे अमेरिका खंडातून, समुद्र ओलांडून, गेल्या चार-पाचशे वर्षांत आपल्याकडे आले. पोर्तुगीजांच्या जहाजांनी त्यातले बरेचसे आणले. आज मिरचीवाचून आपला ठेचा नाही आणि झेंडूवाचून आपला दसरा नाही. तेव्हा परदेशी झाड म्हटले की नाक मुरडावे, असे म्हणण्याला जागाच नाही.

आणि तरीही, आज तुम्ही घरबसल्या फोनवरून एखाद्या परदेशी विक्रेत्याकडे रंगीत अडेनियमचे रोप, निवडुंगाची जात किंवा फुलांच्या बियांचे पाकीट मागवले, तर सरकारचा नियम आडवा येतो. परवाना कुठे आहे? त्या देशाचे आरोग्य-प्रमाणपत्र कुठे आहे? मुळांना माती तर लागलेली नाही ना? पाच-पन्नास बियांसाठी एवढी झडती कशाला, असे बागेची हौस असलेल्या माणसाला वाटते, आणि ते वाटणे स्वाभाविक आहे. पण हा नियम कुणा कारकुनाने बसल्या जागी रचलेला नाही. त्याच्यामागे शेतकऱ्यांनी सोसलेल्या नुकसानीचा इतिहास आहे. त्या इतिहासातले काही प्रसंग आज येथे सांगायचे आहेत.

आरंभ एका काचेच्या पेटीपासून करू. शिडाच्या जहाजांच्या काळात जिवंत रोप दूरदेशी नेणे फार कठीण होते. खारे वारे, गोड्या पाण्याची टंचाई, महिनोन् महिन्यांचा प्रवास. बहुतेक रोपे वाटेतच मरत. लंडनच्या डॉ. नथॅनिएल वॉर्ड यांनी बंद काचेच्या पेटीत रोपे जगतात असे दाखवले, आणि १८३३ साली अशा पेट्या थेट ऑस्ट्रेलियापर्यंत पाठवून पाहिल्या. रोपे जिवंत पोचली. तेव्हापासून चहा, सिंकोना, रबर, नाना तऱ्हेची फुलझाडे जगभर फिरू लागली. मात्र एक गोष्ट कुणाच्या लवकर ध्यानात आली नाही. पूर्वी रोप वाटेत मरे, तेव्हा त्याच्या अंगावरची कीडही मरे. आता रोप सुखरूप पोचले, त्याबरोबर कीडही सुखरूप पोचली.

याचा पहिला मोठा फटका बसला फ्रान्सला. अमेरिकेतून हौसेने आणलेल्या द्राक्षवेलींच्या मुळांवर फायलोक्सेरा नावाची, माव्याच्या नात्यातली, डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीड आली. १८६० नंतरच्या दशकात तिने फ्रान्सचे मळेच्या मळे वाळवले. अमेरिकेतल्या रानवेलींना ती सोसवत होती. युरोपातल्या वेलींना तिची सवयच नव्हती. या धड्यानंतर १८७८ साली बर्न येथे युरोपातल्या काही देशांनी एकत्र येऊन करार केला, की वेलींची ने-आण तपासणीशिवाय होऊ द्यायची नाही. रोपांवर पहारा ठेवण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रयत्नांचा आरंभ येथून धरतात.

आता आपल्या देशात या, आणि एकच साल मनाशी धरा : १९०६. त्या सुमारास घडलेल्या तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की नियमाचे मर्म आपोआप उलगडते.

पहिली गोष्ट कापसाची. अमेरिकेत बोंडांतला सोंडकिडा नावाचा एक लहानसा भुंगेरा आहे. तो आपल्या सोंडेने पाती आणि कोवळी बोंडे पोखरून आत अंडी घालतो. अळी बोंडाचा गाभा खाते आणि पाते गळून पडते. हा किडा १८९२ च्या सुमारास मेक्सिकोतून टेक्सासमध्ये शिरला, आणि पुढच्या तीस वर्षांत त्याने अमेरिकेचा जवळजवळ सगळा कापूसपट्टा व्यापला. तेथले शेतकरी देशोधडीला लागले. त्याच काळात मुंबईच्या गिरण्यांकरिता अमेरिकन कापसाच्या गाठी जहाजांनी येत होत्या. गाठीत अडकलेल्या एखाद्या सरकीत हा किडा जिवंत आला तर काय होईल, याची धास्ती सरकारला पडली. म्हणून १९०६ साली हिंदुस्थान सरकारने हुकूम काढला, की बाहेरून येणाऱ्या कापसाच्या गाठींना विषारी धुरी दिल्यावाचून त्या देशात घ्यायच्या नाहीत. आपल्या देशात वनस्पतींच्या आयातीवर बसलेली ही पहिली चौकी असे मानतात.

या हुकुमाचा आपल्या गंगाखेडशी काय संबंध, असे विचाराल तर तो फार जवळचा आहे. त्या काळी गंगाखेड, म्हणजे संत जनाबाईंचे हे गोदाकाठचे गाव, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. ब्रिटिश मुलखातले कायदे संस्थानात आपोआप लागू होत नसत. पण संस्थानाला समुद्र लागलेला नव्हता. परमुलखाचा माल यायचा तो ब्रिटिश मुलखातल्या बंदरांतून. त्यामुळे बंदरावर दिलेली धुरी परभणी, नांदेडच्या काळ्या रानातल्या गावरानी कापसालाही राखत होती. ज्या शेतकऱ्याने मुंबई कधी पाहिली नाही, त्याच्या पिकाची राखण मुंबईच्या धक्क्यावर होत होती. आणि निकाल काय लागला? आज शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी हा सोंडकिडा आपल्या देशात रुजलेला नाही. आपल्या शेतकऱ्याला त्याचे नावही ठाऊक नाही. चांगल्या पहाऱ्याची खूण हीच, की जे संकट आले नाही त्याची कुणाला आठवणही राहत नाही.

दुसरी गोष्ट बटाट्याची, आणि ती याच १९०६ सालची आहे. कापसाच्या दारावर पहारा बसला, पण बटाट्याचे दार उघडेच होते. इटलीहून बेण्याचे बटाटे मुंबई इलाख्यात आले आणि त्यांच्या पोटात बसून बटाट्याचा पतंगही आला. हा पतंग मूळचा दक्षिण अमेरिकेचा. त्याची मादी बटाट्याच्या डोळ्यांपाशी अंडी घालते, अळी आत बोगदे करते आणि साठवलेला ढीग आतून कुजू लागतो. शेतातून काढलेला चांगला माल घरात आल्यावर सडावा, हे दुःख बटाटेवाल्यांनाच ठाऊक. चांगले बेणे मिळावे या सदिच्छेनेच ते बटाटे मागवले होते. कुणाचा हेतू वाईट नव्हता. पण कीड काही हेतू पाहून येत नाही. ती आली, राहिली, आणि आजही आहे.

तिसरी गोष्ट उलट्या दिशेची आहे. गुलाबी बोंडअळी, जिला आपल्याकडे शेंदरी बोंडअळीही म्हणतात, तिची पहिली शास्त्रीय नोंद झाली ती आपल्याच देशात. भडोचच्या कापसावर सापडलेल्या नमुन्यांवरून १८४३ साली तिचे वर्णन इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १९०६-०७ च्या सुमारास हिंदुस्थानातून इजिप्तला गेलेल्या सरकीबरोबर ही अळी तिकडे पोचली. इजिप्तहून १९११ च्या सुमारास मेक्सिकोला गेली आणि १९१७ साली टेक्सासमध्ये सापडली. म्हणजे ज्या अमेरिकेच्या किडीला आपण धुरी देऊन अडवत होतो, त्याच अमेरिकेला आपली अळी इजिप्तमार्गे जाऊन पोचली! ही अळी किती उग्र असते हे मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. २०१७ च्या हंगामात तिने मराठवाडा-विदर्भातल्या कपाशीची काय दैना केली, ते आपल्या घराघरांना आठवते. तेव्हा पहारा म्हणजे परक्यांवरचा संशय नव्हे. आपल्या घरून दुसऱ्याकडे काय जाते, हेही त्यातच आले.

पाहा बरे, तीन दारे आणि तीन निकाल. जे दार राखले तेथून काही आले नाही. जे राखले नाही तेथून आलेले आजतागायत गेले नाही. आणि जे दुसऱ्याने राखले नाही, तेथून आपले दुखणे त्याच्या घरी गेले.

या अनुभवांनंतर १९१४ साली पिकांचा नाश करणाऱ्या किडी व रोग यांविषयीचा कायदा झाला. कायदा अगदी थोडक्या कलमांचा आहे. पण बाहेरून येणारी झाडे, बिया, रोपे यांवर बंधने घालण्याचा अधिकार सरकारला त्याने दिला. स्वातंत्र्याच्या आधल्या वर्षी, १९४६ साली, वनस्पती संरक्षण आणि क्वारंटाइनचे मध्यवर्ती खाते निघाले. १९५१ साली रोम येथे वनस्पती संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि भारत त्यात लवकरच सामील झाला. ‘क्वारंटाइन’ हा शब्द २०२० च्या साथीत आपल्या पोराटोरांच्या तोंडी बसला. माणसांच्या बाबतीत जो विचार तेव्हा केला, तोच रोपांच्या बाबतीत बंदरांवर शंभर वर्षे चालत आला आहे. आलेला पाहुणा आजारी आहे असे कुणी म्हणत नाही. पण तो निरोगी आहे हे पाहिल्याशिवाय त्याला चुलीपर्यंत न्यायचे नाही, एवढेच.

आज जो नियम चालतो, तो त्याच १९१४ च्या कायद्याच्या आधारे २००३ साली काढलेला आदेश आहे. त्याचा मथितार्थ असा. लावण्याकरिता बाहेरून रोप, कंद, कलम किंवा बी आणायचे, तर आधी आपल्या सरकारचा आयात परवाना घ्यायचा. ज्या देशातून माल यायचा, तेथल्या सरकारी अधिकाऱ्याने तो तपासून आरोग्य-प्रमाणपत्र द्यायचे. माल ठरवून दिलेल्या बंदरातून, विमानतळावरून किंवा परदेशी टपाल कचेरीतूनच आत यायचा आणि तेथे त्याची तपासणी व्हायची. रोपाबरोबर माती येता कामा नये, कारण मातीत सूत्रकृमी, बुरशी आणि किडींची अंडी दडलेली असतात आणि ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. काही जातींची रोपे आली तरी ती लगेच बागेत लावता येत नाहीत. सर्वांपासून दूर, मान्य केलेल्या जागी काही काळ वाढवून त्यांच्यावर नजर ठेवतात. काही देशांची काही झाडे मुळीच आणता येत नाहीत. यादीत नसलेले झाड असेल, तर त्याच्यापासून कोणता धोका आहे याचा अभ्यास आधी होतो. नियम मोडून आलेला माल परत पाठवतात किंवा नष्ट करतात. पेटी मोठी की पाकीट लहान, व्यापारी की हौशी, हा भेद येथे नाही.

तुम्ही म्हणाल, व्यापाऱ्याचे ठीक. पण हौशी माणसाच्या कुंडीतल्या एका रोपाने काय होणार? याचे उत्तर आपल्या नदीला विचारा. जलपर्णी ही दक्षिण अमेरिकेची पाणवनस्पती. तिची जांभळी फुले पाहून कुणा हौशी माणसांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती बंगालमध्ये आणली. कुंडीतून तळ्यात, तळ्यातून नदीत, असे करीत तिने बंगालची खाडी-नाली इतकी तुंबवली, की १९३६ साली तेथे जलपर्णीविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. आज नांदेडला गोदावरीच्या पात्रावर तिची हिरवी गोधडी पसरते, तेव्हा ती उपसायला माणसे आणि यंत्रे लावावी लागतात. घाणेरीचे तसेच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी लावलेले हे झुडूप आज डोंगर-माळांवरचे गवत मारून बसले आहे आणि जनावरांच्या तोंडचा चारा गेला आहे. या दोन्ही वनस्पती कुणी पीक म्हणून आणल्या नव्हत्या. त्या बागेच्या हौसेपोटीच आल्या.

आणखी एक उदाहरण आपल्या बांधावरचे. गाजरगवत, म्हणजेच काँग्रेस गवत, पुण्याच्या परिसरात १९५० नंतरच्या दशकात लोकांच्या नजरेत भरले. परदेशी गव्हाबरोबर ते आले असे लोक म्हणतात. त्याहून जुन्या नोंदीही अभ्यासकांना सापडल्या आहेत. ते कसेही आले असो, खुरपणारणीच्या हाताला खाज आणि अंगावर चट्टे उठतात ते त्यानेच. पुढे २००५ नंतर कपाशीवर एक नवा पिठ्या ढेकूण दिसू लागला. हाही मूळचा उत्तर अमेरिकेचा. कपाशी नसते तेव्हा तो कशावर जगतो? बांधावरच्या गाजरगवतावर आणि अंगणातल्या जास्वंदीवर. म्हणजे अंगणातली कुंडी आणि पलीकडचे कपाशीचे रान यांत आपण समजतो तेवढे अंतर नसते. किडीच्या लेखी ते एकच शिवार असते.

परंतु नियमाने नुसते अडवलेच आहे असे नाही. नीट तपासून बोलावलेही आहे. गाजरगवत खाणारा मेक्सिकन भुंगा शास्त्रज्ञांनी १९८३ साली मुद्दाम मेक्सिकोतून बंगळुरूला आणला. तो बंद प्रयोगशाळेत ठेवला, आपली पिके तो खातो की नाही याच्या चाचण्या घेतल्या आणि मग १९८४ साली मोकळा सोडला. पुढे काही ठिकाणी तो सूर्यफुलावर दिसला, तेव्हा वाद उठला आणि पुन्हा चौकशी झाली. एवढी काळजी घेऊनही प्रश्न उठतात. मग काळजीच घेतली नाही तर काय होईल? आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठातून हे भुंगे पावसाळ्यात शेतकऱ्यांना मिळत आले आहेत. परदेशी पाहुणा कसा आणावा, याचा हा नमुना म्हणायला हरकत नाही.

दुसरे देशही आपल्याशी असेच वागतात. नाशिकचा द्राक्षबागाईतदार युरोपला पेटी पाठवतो तेव्हा तिच्याबरोबर आरोग्य-प्रमाणपत्र लागतेच. २०१४ च्या मे महिन्यापासून युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणाने भारतीय आंबा बंद केला. हापूसवाल्यांचा त्या हंगामाचा तिकडचा बाजार बुडाला. आपण तपासणीची व्यवस्था सुधारली, तेव्हा २०१५ च्या जानेवारीत बंदी उठली. ज्या चाळणीतून आपला आंबा जातो, त्याच चाळणीतून परक्याचे रोप यावे, यात अन्याय कसला?

आता हौशी माणसाची एक खरी अडचण मान्य केली पाहिजे. परवाना, प्रमाणपत्र, बंदरावरची तपासणी ही सारी वाट व्यापाऱ्यांच्या आणि संशोधकांच्या पायांना सोयीची आहे. दहा बिया मागवणाऱ्या शिक्षकाला किंवा गृहिणीला ती लांबची वाटते. फोनवर चित्र दिसते, बोट लावले की पैसे जातात. पण परवान्याची गोष्ट विकणारा सांगत नाही. कधी कधी तर पाकिटावर भलतेच नाव घालून माल पाठवतात. २०२० साली अमेरिकेत आणि इतर अनेक देशांत लोकांच्या घरी न मागवलेली बियांची पाकिटे टपालाने येऊ लागली. कित्येकांवर दागिने असे लिहिलेले होते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या कृषी मंत्रालयानेही राज्यांना आणि बियाणे व्यवहारातल्या लोकांना सावध राहण्याचा इशारा दिला होता. ज्या बीवर खरे नाव लिहिलेले नाही, ते कोणत्या रानातून आले आणि त्याबरोबर काय आले, हे कोण सांगणार?

मग करायचे काय? परदेशी जातीची हौस असेल तर रीतसर आयात करणाऱ्या देशी रोपवाटिकेकडून ती घ्यावी, आणि कागद आहेत काय असे न लाजता विचारावे. परदेशाहून येणाऱ्या पाहुण्याला किंवा लेकीसुनेला, येताना पिशवीत रोप, कंद किंवा बी घालू नकोस, असे आधीच कळवावे. सामानातून आणले तरी नियम तोच आहे. न मागवता पाकीट आले, तर ते फोडू नये, पेरू नये, उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकू नये. बंदच ठेवून तालुका कृषी अधिकाऱ्याला किंवा परभणीच्या विद्यापीठाला कळवावे. बागेत कधी न पाहिलेली कीड दिसली, तर शेजाऱ्याला फांदी छाटून देण्याआधी ती जाणकाराला दाखवावी.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. शाळेच्या आवारात आणि गावच्या बाजारात मुलांना हिंडवून प्रत्येक झाडाचे मूळ गाव कोणते, याची यादी करून घ्या. मिरची, पेरू, गुलमोहर, झेंडू एका बाजूला. घाणेरी, गाजरगवत, जलपर्णी दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजू परदेशी आहेत हे मुलांच्या ध्यानात आले, की पुढचा प्रश्न ती आपणच विचारतील : मग काही पाहुणे घरचे झाले आणि काही घरावर बसले, असे का? त्या प्रश्नाच्या निमित्ताने इतिहास, भूगोल आणि शेती या तिन्हींचा धडा एकदम होईल.

चौकी बसवली म्हणून सगळे थांबते असेही नाही. २०१८ साली कर्नाटकात प्रथम सापडलेली मक्यावरची लष्करी अळी त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचली. तिचा पतंग रात्रीतून कित्येक कोस उडतो आणि परवाना मागत नाही. वाऱ्यावर येणाऱ्याला कोण अडवणार? पण जे माणसाच्या हाताने येते, ते तरी माणसाने अडवावे. रोप मागवणाऱ्याला फार तर चार पैशांचे नुकसान होते. त्याबरोबर आलेल्या किडीची किंमत मात्र ज्याने ते रोप कधी पाहिलेही नाही असा गोदाकाठचा कोरडवाहू शेतकरी पिढ्यान् पिढ्या भरत राहतो. बटाट्याच्या पतंगाची किंमत अजून भरणे चालू आहे. कापसाच्या सोंडकिड्याची किंमत आपल्याला कधी भरावी लागली नाही, कारण १९०६ साली कुणीतरी धक्क्यावर थोडी दगदग सोसली. आपल्या वाट्याची दगदग त्या मानाने फारच थोडी आहे.